मजकूर नियमन, मुक्त विश्वकोशातील : कोकणविषयक नोंदी

कोणालाही लिहिता येईल अशा ज्ञानकोशात काय ठेवायचे, काय दुरुस्त करायचे आणि काय काढून टाकायचे हे ठरवण्याच्या व ते अमलात आणण्याच्या कामाला मजकूर नियमन म्हणतात. छापील कोशात हे काम छपाईपूर्वी उरकते. वाईच्या मराठी विश्वकोशाची नोंद आधी जाणकाराकडून लिहून घेतली जाते, संपादकांच्या हाताखालून जाते आणि मगच वाचकापुढे येते. विकिपीडियात क्रम उलटा. मजकूर आधी प्रसिद्ध होतो, तपासणी मागाहून येते. कधी दोन मिनिटांनी, कधी दोन वर्षांनी. विकिपीडिया २००१ च्या जानेवारीत सुरू झाला, मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी.

कोकण किनाऱ्यासंबंधीच्या नोंदींत हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. पान बिघडवायला येणारे खोडसाळ तिथेही असतात, पण राखण करणाऱ्याची खरी कसोटी लागते ती गावावर जीव असलेल्या माणसापुढे.

साधने : प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो. कोणी, कधी, कोणता शब्द बदलला हे त्यात उरते आणि जुनी आवृत्ती एका कळीसरशी परत आणता येते. बिघडवणाऱ्यापेक्षा निस्तरणाऱ्याला कमी कष्ट पडावेत, या एका सोयीवर सगळी व्यवस्था उभी आहे. ‘अलीकडील बदल’ या पानावर ताजे फेरफार दिसतात, तर आपल्याला आस्था असलेली पाने सदस्य स्वतःच्या निरीक्षणसूचीत घालून ठेवतो. शिवीगाळ किंवा पान कोरे करणे असले ढोबळ प्रकार संपादन गाळणी ही आपोआप चालणारी चाळणी परस्पर अडवते. किरकोळ, त्याच त्या दुरुस्त्या ‘सांगकाम्या’ करतो. बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्रॅम, या शब्दाला मराठी विकिपीडियाने दिलेला हा प्रतिशब्द कोणत्याही परिभाषा समितीला सुचला नसता. नवख्याने हात साफ करण्याच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात, तेही तितकेच नेमके.

पान वगळणे, ते सुरक्षित करणे, एखाद्या सदस्याला प्रतिबंधित करणे हे अधिकार प्रचालकाकडे असतात. प्रचालक समाजाने निवडलेला स्वयंसेवक असतो, पगारी नोकर नसतो, आणि मजकुराच्या वादात त्याच्या मताला इतरांहून जास्त वजन नसते. वाद मिटवायची जागा म्हणजे लेखाचे चर्चा पान, तिथे निभले नाही तर चावडी. चर्चेअंती एकमत व्हावे अशी अपेक्षा असते. हे एकमत म्हणजे देवापुढे घालायच्या गाऱ्हाण्यातले ‘व्हय म्हाराजा’ नव्हे. एकाने सांगावे आणि बाकीच्यांनी होकार भरावा, असे तिथे चालत नाही. निदान चालू नये. एकमेकांचे बदल उलटवत राहण्याला संपादन युद्ध म्हणतात. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणाऱ्याला रोखले जाते.

गावांची पाने : मराठी विकिपीडियात कोकणातल्या असंख्य गावांची पाने एकाच साच्यातून निघालेली आहेत. अमुक जिल्ह्यातील, तमुक तालुक्यातील एक गाव, एवढे वाक्य आणि खाली हवामान, लोकजीवन, नागरी सुविधा असे मथळे. अशा अर्धवट पानावर पहिला खरा माणूस येतो तो बहुधा त्याच गावचा, पुष्कळदा मुंबईत राहणारा. तो लिहितो की ग्रामस्थ कष्टाळू व मनमिळाऊ आहेत, ग्रामदैवत जागृत असून नवसाला पावते, आणि गावाला निसर्गाचे वरदान लाभले आहे. यातले काहीच खोटे म्हणता येत नाही, आणि काहीच पडताळता येत नाही. तपासनीस त्यावर ‘संदर्भ हवा’ असा तयार शेरा चिकटवतो किंवा वाक्ये सरळ उडवतो. उडवणे नियमाला धरून असते. पण पहिल्याच दिवशी आपले वाक्य गेलेले पाहणारा पुन्हा फिरकत नाही, आणि त्या गावाबद्दल लिहू शकणारा तो कदाचित एकटाच असतो. उडवण्याआधी चर्चा पानावर दोन ओळी लिहाव्यात, हा जुन्या संपादकांचा सल्ला नियमाइतकाच महत्त्वाचा मानायला हवा.

तारकर्ली, गणपतीपुळे, हर्णै अशा ठिकाणांचा त्रास निराळा. तिथे घरगुती जेवणाची सोय, होमस्टेचे नाव आणि मोबाईल नंबर येऊन बसतात. लिहिणाऱ्याला ती सर्वांत उपयोगी माहिती वाटते, आणि भर दुपारी गाडीतून उतरलेल्या पाहुण्यासाठी ती असतेही. कोशात मात्र ती जाहिरात ठरते व चर्चा न करता काढली जाते.

संदर्भांचा दुष्काळ : कोकणातले बरेचसे ज्ञान लिहिलेलेच नाही. गावऱ्हाटी, म्हणजे देवस्थानाभोवतीची गावाची परंपरागत रीत, घ्या. देवळातले मान कोणाचे, शिमग्यात पालखी आधी कोणाच्या अंगणात नाचते, कौल कोण लावतो, गाऱ्हाणे कोण घालतो, हे गावाला तोंडपाठ असते. कोश मात्र छापील किंवा अन्य प्रसिद्ध आधार मागतो. ‘माझ्या आजोबांनी सांगितले’ याला तो स्वतःचे संशोधन म्हणतो आणि नाकारतो. या नियमाने मोठे नुकसान होते हे उघड आहे. दुसरी बाजूही आहे : मानापानावरून भावकीत फूट पडलेल्या गावात दोघांचे आजोबा दोन गोष्टी सांगून गेलेले असतात, आणि आधार मागितला नाही तर शेवटचा कळ दाबणारा मानकरी ठरेल.

मग हात जातो तो ब्रिटिश गॅझेटियरकडे. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड १८८० चा, कुलाबा व जंजिऱ्याचा १८८३ चा. दोन्ही प्रताधिकारमुक्त, म्हणून भरपूर उतरवले जातात. बंदरे, गलबते, व्यापार यांसाठी ते अजूनही कामाचे आहेत. जातींच्या स्वभावाबद्दल त्यांत जे लिहिले आहे ते मात्र परक्या अधिकाऱ्याचे मत आहे, आणि आधार दिलेला असला तरी ते तसेच्या तसे उचलणाऱ्याला अडवावे लागते.

विजयदुर्गाचा हेलियम : आधार असूनही माहिती कशी चुकते, ते विजयदुर्गाच्या बाबतीत स्वच्छ दिसते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून हेलियमचा शोध लावला, ही गोष्ट त्या भागात सर्वांना ठाऊक असते; १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. तारखा वेगळे सांगतात. त्या ग्रहणात सूर्यज्वालांचा वर्णपट फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून तपासला. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्यज्वालांचा वर्णपट मिळवला. त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे नवे मूलद्रव्य मानले गेले. विजयदुर्गाला ते खरोखर आले, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे जवळपास तीस वर्षांनी. त्याआधी १८९५ मध्येच विल्यम रॅम्झी यांना हेलियम पृथ्वीवर सापडला होता.

दोन ग्रहणे लोकस्मृतीत एक झाली, एवढाच हा प्रकार. पण लेखात हा दावा घालणाऱ्याकडे वर्तमानपत्राचे कात्रण असते, आणि नियम तर प्रसिद्ध आधार मागतो. बातमीदाराने तीच माहिती एखाद्या मुक्त कोशातून उचललेली असू शकते; मग आपल्याच विहिरीचे पाणी काढून पुन्हा त्याच विहिरीत ओतल्यासारखे होते. अशा वेळी आधार आहे की नाही एवढे पाहून भागत नाही, तो कशाच्या जोरावर बोलतो हे पाहावे लागते. दावा नुसता उडवला तर आठवड्याभरात तो परत येतो. ‘अशी स्थानिक समजूत आहे’ असे म्हणून तो ठेवावा आणि शेजारी दोन्ही ग्रहणांच्या तारखा द्याव्यात, हा उपाय टिकतो. सिंधुदुर्ग किल्ल्यावरच्या, शिवाजी महाराजांचे म्हणून दाखवल्या जाणाऱ्या हातापायाच्या ठशांबाबतही वाक्यरचना अशीच जपून करावी लागते.

वादाचे विषय : मालवणी ही मराठीची बोली की कोकणीची, या प्रश्नावर कोणतेही विधान टिकून राहत नाही. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, गोव्याचा राजभाषा कायदा १९८७ चा, आणि १९९२ मध्ये कोकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. या तारखांवर कोणी भांडत नाही. भांडण त्यांच्यावरून काढायच्या निष्कर्षाचे असते. तटस्थतेचा नियम सांगतो की निष्कर्ष कोशाने काढू नये, तो कोण काढतो ते सांगावे. कोकणीचा स्वतंत्र विकिपीडिया २०१५ मध्ये सुरू झाला. गोवा विद्यापीठाने चार खंडांतला कोकणी विश्वकोश २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केल्यामुळे त्याला आयती शिदोरी मिळाली.

हापूसवरचा वाद त्यामानाने गोड आहे. २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. देवगडकराला आणि रत्नागिरीकराला ते आपल्यापुरतेच हवे असते. ताज्या घटनांच्या पानांवर मात्र तापमान चढते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तशा प्रसंगी तासातासाला आरोप लिहिले जातात. पान अर्धसुरक्षित करून नव्या व निनावी हातांना काही दिवस थांबवणे हा रुळलेला उपाय आहे. हयात व्यक्तींबद्दलचा निराधार आरोप तर चर्चेची वाट न पाहता काढायचा असतो. ही कडक शिस्त वाढली ती २००५ मधल्या प्रकरणानंतर : अमेरिकन पत्रकार जॉन सायगेनथॉलर यांच्यावर खुनाच्या कटाचा संशय घेणारा खोटा मजकूर इंग्रजी विकिपीडियावर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला होता.

कायदा आणि टोपणनाव : माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ नुसार दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थाला, म्हणजे तो मजकूर ठेवणाऱ्या संकेतस्थळाला, अटींसह संरक्षण आहे. लिहिणाऱ्याला ते नाही. संगमेश्वरला पकडले गेलेल्या छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखातल्या मजकुराबद्दल फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस दिली. पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला गेला. एका वृत्तसंस्थेने फाउंडेशनवर भरलेल्या खटल्यात, त्या खटल्याविषयीचेच विकिपीडियावरील पान काढण्याचा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्द केला.

संपादक टोपणनावाने लिहू शकतो, हे त्याचे नेहमीचे कवच. तालुक्याच्या पातळीवर ते पातळ पडते. एखाद्या देवस्थानाच्या पालखीचा क्रम इतक्या बारकाईने लिहू शकणारी माणसे गावात चार असतात, आणि त्यांतला संगणकावर मराठी टाइप करणारा एक. पान उघडताच पुजाऱ्यालाही कळते आणि खोतालाही कळते की हे कोणाचे काम. म्हणून अशा पानांवरचे वादग्रस्त बदल उलटवायचे काम पुण्या-नाशिकच्या सदस्यावर सोडलेले बरे. त्याला दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांच्या समोर उभे राहायचे नसते.