रेंडर मध्येच बंद पडते तेव्हा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रेंडर, म्हणजे संपादित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करणे, जवळपास पूर्ण होत आले आणि एडिटिंग सॉफ्टवेअर बंद पडले, की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात. कृपया लगेच तसे करू नका. त्यात वेळ जातो, प्लगइनचे (सॉफ्टवेअरला जोडलेल्या पूरक साधनांचे) परवाने पुन्हा भरावे लागतात आणि दोष क्लिपमध्ये किंवा मशीनमध्ये असेल तर तो जिथल्या तिथेच राहतो. आधी एवढेच पाहा : रेंडर नेमके कुठे थांबले?

टाइमलाइनवरची (क्लिप ओळीने मांडलेल्या पट्टीवरची) ती जागा लिहून ठेवा आणि काहीही न बदलता तेच रेंडर पुन्हा लावा. प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्रुटीच्या चौकटीत बरेचदा टाइमकोडच, म्हणजे त्या जागेची वेळच, दिलेला असतो. घाईने 'ओके' दाबण्याआधी त्याचा फोटो काढा. दोन्ही वेळा तिथेच अडकले, तर संशय त्या जागच्या क्लिपवर, इफेक्टवर किंवा अक्षरांच्या फॉन्टवर. दर वेळी वेगळीकडे अडकले, तर उष्णता, मेमरी, डिस्क किंवा वीजपुरवठा तपासायला हवा. आमच्याकडे कुठलेही मशीन आले की आम्हीही सुरुवात इथूनच करतो.

त्याच जागी अडकत असेल तर

त्या जागेच्या मागचे-पुढचे दहा-दहा सेकंद इन-आउट (सुरुवात-शेवटच्या खुणा) लावून तेवढेच रेंडर करा. अडकले, तर तिथले इफेक्ट बंद करून पुन्हा पाहा. आता निघाले, तर दोषी इफेक्ट सापडला. तरीही अडकले, तर संशय क्लिपवर किंवा फॉन्टवर. जागाच कळत नसेल तर टाइमलाइनचे दोन भाग करा, जो अडकेल त्याचे पुन्हा दोन. अशाने तासाभराच्या टाइमलाइनमधली क्लिपही थोड्या फेऱ्यांत हाती लागते.

मोबाइलचे चित्रण आणि स्क्रीन रेकॉर्डिंग यांच्यावर विशेष लक्ष ठेवा. त्यांचा फ्रेम रेट (दर सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रे) बरेचदा स्थिर नसतो, त्यामुळे आवाज आणि ओठ जुळत नाहीत आणि कधी कधी रेंडरही कोलमडते. अशी क्लिप हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर फ्रेम रेट निवडून बदलून घ्या. त्याहून चांगले म्हणजे प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये रूपांतर करा. फाइल बरीच मोठी होते, पण तिच्यातली प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती पूर्ण असते. एच.२६४ आणि एचईव्हीसी या जास्त दाबलेल्या फॉरमॅटमध्ये बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमवर अवलंबून असतात. एक बिघडली की पुढच्या कित्येक बिघडतात.

प्लेबॅक तर नीट चालतो, मग रेंडरच का अडकते?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. प्लेबॅक बरेचदा अर्ध्या किंवा पाव रिझोल्यूशनवर चाललेला असतो आणि जमले नाही तर मधल्या फ्रेम गाळतो. रेंडरला अशी सवलत नाही. ३८४० × २१६० च्या एका ४के फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. ३२ बिटमध्ये काम करताना, पारदर्शकता धरून, प्रत्येक पिक्सेलला १६ बाइट लागतात, म्हणजे एकच फ्रेम सुमारे १३३ एमबी. नॉइज (चित्रातले दाणे) कमी करणारा इफेक्ट मागच्या-पुढच्या फ्रेमही पाहतो. पाच फ्रेम धरल्या तरी ६६० एमबीच्या वर गेलो, आणि त्यात इफेक्टच्या मधल्या प्रती मोजलेल्या नाहीत. ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड भरायला असे दोन-तीन इफेक्ट पुरतात. दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर तर ग्राफिक्स मेमरी भरल्याचे स्पष्ट सांगते.

जड इफेक्टची क्लिप आधी वेगळी रेंडर करून मूळ जागी बसवा. ब्राउझर बंद करा, तोही ग्राफिक्स मेमरी वापरतो. प्रीमियर प्रोमध्ये प्रोजेक्ट सेटिंगमधून रेंडरर 'सॉफ्टवेअर ओन्ली' करून पाहा. खूप हळू चालेल, पण निघाले तर दोष ग्राफिक्स कार्डाचा किंवा ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा). एक्सपोर्टच्या सेटिंगमधले हार्डवेअर एन्कोडिंगही (फाइल चिपकडून बनवून घेणे) एकदा बंद करून बघा.

एनव्हीडियाचे कार्ड असेल तर एडिटिंगसाठी स्टुडिओ ड्रायव्हर बरा. ड्रायव्हर अपडेट केल्यावर त्रास सुरू झाला असेल तर आधीचा परत टाका. आणि काम अर्धवट असताना अपडेट नकोच!

पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि सॉफ्टवेअर बंद होते, असे विंडोजवर घडते तेव्हा बहुधा कार्डाने ठरलेल्या वेळेत, म्हणजे साधारण २ सेकंदांत, उत्तर दिलेले नसते आणि विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केलेला असतो. ही मुदत रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगमध्ये) वाढवण्याचे सल्ले इंटरनेटवर पुष्कळ मिळतात. आमच्या मते आधी भार कमी करा, रजिस्ट्रीला हात सर्वांत शेवटी.

मशीनवर संशय असेल तर

फक्त सॉफ्टवेअर बंद पडणे वेगळे आणि अख्खा संगणक बंद होणे वेगळे. संगणकच बंद होत असेल तर पॉवर सप्लाय आणि उष्णता पाहा. पंख्यातली धूळ काढा, लॅपटॉप गादीवर ठेवू नका, चार्जर लावूनच रेंडर करा. ओव्हरक्लॉक केले (चिप ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवली) असेल तर काढा. रॅमची शंका असल्यास मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी रात्रभर चालू द्या.

डिस्कवरची जागा आधीच मोजून घ्या. ५० एमबीपीएसने (सेकंदाला ५० मेगाबिट) एका तासाचा व्हिडिओ २२.५ जीबी होतो, कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) वेगळा. फाइल ४ जीबीला येऊनच थांबत असेल तर ड्राइव्ह बहुधा एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, तो त्याहून मोठी फाइल घेत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, पण आतले सगळे आधी दुसरीकडे हलवून. क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये रेंडर करू नका. मीडिया कॅशे पुसायला हरकत नाही, मूळ फुटेज शाबूत राहते.

काम आजच द्यायचे असेल तर

एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते, म्हणून अर्धवट फाइल उघडतच नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडे प्रोरेसमध्ये काढा, नव्या टाइमलाइनवर जोडा आणि तिथून अंतिम फाइल तयार करा. ॲनिमेशनचा छोटा भाग असेल तर चित्रमालिका (प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल) काढा, आवाज वेगळा डब्ल्यूएव्हीमध्ये. मध्ये बंद पडले तरी झालेल्या फ्रेम हातात राहतात आणि पुढून सुरू करता येते. लांब व्हिडिओला मात्र हे परवडत नाही : २५ फ्रेमने एका तासाची ९०,००० चित्रे होतात.

आमच्याकडे पाठवताना

सॉफ्टवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांची आवृत्ती, ग्राफिक्स कार्डाचे नाव, ड्रायव्हरचा क्रमांक, अडकण्याची जागा आणि त्रुटीचा फोटो एवढे कळवा. सगळे फुटेज नको. प्रोजेक्ट फाइलची प्रत आणि अडकणारी क्लिप पुरे. मूळ प्रोजेक्ट फाइल तुमच्याकडेच ठेवा. चित्रण खासगी असेल तर आधी सांगा, म्हणजे तपासणी तुमच्याच मशीनवर तुमच्यासमोर करू.