क्रूझचा स्क्रीनशॉट पाठवायच्या आधी एवढं वाचून घ्या

नमस्कार मंडळी. दिवाळीची सुट्टी नाहीतर मे महिना जवळ आला की आमच्या ट्रॅव्हल ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅपवर क्रूझच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट यायला लागतात. निळ्याशार समुद्रातलं पांढरं जहाज, खाली मोठ्या अक्षरात "अमुक हजारांपासून" आणि त्याखाली तुमचा प्रश्न, "तुमच्याकडे हाच रेट मिळेल का?" प्रत्येकाला तेच उत्तर वेगवेगळं टाईप करण्यापेक्षा एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवलंय, म्हणजे तुमचाही वेळ वाचेल आणि आमचाही.

सगळा घोळ त्या "पासून" शब्दात आहे. आकडा खोटा नसतो, पण तो कशाचा असतो ते बघा. जहाजावरची सगळ्यात स्वस्त बिनखिडकीची केबिन, ती दोघांत शेअर केली तर एका माणसाचा खर्च, सीझनमधल्या सगळ्यात पडेल तारखेचा, आणि बऱ्याचदा पोर्ट टॅक्स न धरता. आणि तुम्हाला हवं असतं काय, तर मे महिन्याचा दुसरा आठवडा, आई-बाबा, तुम्ही दोघं, दोन मुलं, आणि बाल्कनी. म्हणजे जहाजाचं नाव सोडलं तर दोन्हीत काहीच सारखं नाही. मग आम्ही खरा आकडा पाठवला की तो दुप्पट दिसतो, तुम्हाला वाटतं आम्ही भरपूर मार्जिन लावलंय, तुम्ही आणखी तीन ठिकाणी विचारता, तिथूनही तीन वेगळे आकडे येतात कारण प्रत्येकाने वेगळी केबिन धरलेली असते, यात आठ-दहा दिवस जातात आणि तोपर्यंत ती केबिन गेलेली असते. क्रूझचे रेट विमानाच्या तिकिटासारखेच हलतात, आज पाहिलेला रेट परवा असेलच असं नाही. आमच्याकडे लोकांचे पैसे सगळ्यात जास्त जातात ते या आठ-दहा दिवसांत, महागड्या जहाजामुळे नाही.

तुलना जरूर करा, आमचा आकडा दुसऱ्याला दाखवूनही करा, त्याचा आम्हाला राग नाही. फक्त चार गोष्टी सारख्या ठेवा: जहाज, तारीख, केबिनचा प्रकार आणि माणसांची संख्या. आणि विचारताना "पर पर्सन किती" असं विचारू नका, "आम्हा सहा जणांचे मिळून शेवटच्या रुपयापर्यंत किती" असं विचारा. त्यात पोर्ट टॅक्स आला का, जीएसटी आला का, आणि मुख्य म्हणजे ग्रॅच्युइटी आली का. ही ग्रॅच्युइटी म्हणजे जहाजावरच्या स्टाफची टिप, पण ती आपल्या मर्जीवर नसते, माणशी रोज या हिशोबाने बिलात लागते. मोठ्या अमेरिकन लाईन्सवर, म्हणजे क्रूझ कंपन्यांच्या जहाजांवर, साधारण १६ ते २० डॉलर. १८ धरले तरी चार माणसं, सात रात्री म्हणजे ५०४ डॉलर. बऱ्याच ठिकाणी मुलांचीही पूर्ण लागते. वायफाय, कोल्ड्रिंक, दारू, स्पेशल रेस्टॉरंट हे वेगळंच. परदेशी टूरवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो तो मात्र खर्च समजू नका, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना हिशोबात धरला जातो. आम्ही तो वेगळ्या ओळीत लिहितो, काही जण लिहीतच नाहीत आणि मग त्यांचा आकडा कमी दिसतो, एवढं लक्षात ठेवा.

आधी रूट बघा, जहाज नंतर

लोक जहाजावरच्या वॉटरस्लाईड बघून जहाज ठरवतात आणि ते कुठे जातंय हे शेवटी बघतात. आमचं म्हणणं उलटं आहे. शिवाय ब्रोशरमध्ये शहराचं जे नाव छापलेलं असतं तिथे जहाज लागतंच असं नाही. रोम लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं चिवितावेक्कियाला, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. फ्लॉरेन्स म्हणजे लिव्होर्नो बंदर, पॅरिस म्हणजे ल हाव्र आणि तिथून पॅरिस दोनशे किलोमीटर, म्हणजे पुण्याहून मुंबईपेक्षाही लांब. बँकॉक म्हणजे लेम चबांग, क्वालालंपूर म्हणजे पोर्ट क्लांग. आता सकाळी ८ ला जहाज लागणार आणि संध्याकाळी ६ ला सुटणार असं छापलं असेल तर तुम्ही दहा तास मोजता. पण उतरायला पाऊण तास, जायला दीड, यायला दीड, आणि जहाजावर परत यायची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी. हातात राहतात जेमतेम पाच-साडेपाच तास, त्यात कोलोसियमची रांग. म्हणून आम्ही कोटेशनसोबत "हातात उरणारे तास" असा एक कॉलम देतो. तो पुन्हा पुन्हा वाचा, दोन रूटमधला खरा फरक तिथेच कळतो.

आणि जहाज थांबत नाही, म्हणजे खरंच थांबत नाही. जहाजाकडूनच घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर ते वाट बघतात किंवा पुढची सोय करतात, तुम्ही स्वतःची टॅक्सी करून गेलात आणि अडकलात तर पुढचं बंदर तुमच्या खर्चाने गाठायचं. लांबच्या शहराला जहाजाची सहल घ्या, महाग असली तरी. बंदराला लागूनच गाव असेल तर आपापलं फिरा, उगाच पैसे घालवू नका. बार्सिलोना, नेपल्स, पेनांग इथे आम्ही स्वतःच सांगतो की सहल घेऊ नका.

काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही, समुद्रात उभं राहतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. त्याला टेंडर पोर्ट म्हणतात. सँटोरिनी तसंच आहे, बोटीतून उतरलं की वर गावात जायला केबल कार, नाहीतर पाचशेहून जास्त पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना घेऊन जाणार असाल तर हे आधी सांगा, समुद्र खवळलेला असला तर टेंडर पोर्ट रद्दसुद्धा होतं. व्हेनिसचंही बरेच जण विचारतात, जुन्या फोटोत जहाज थेट शहरातल्या मोठ्या चर्चच्या समोरून जाताना दिसतं ना, ते आता बंद आहे. ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना तिथून जायला मनाई आहे. मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज मोठ्या जहाजांच्या मानाने लहानच, पण तेही जवळपास त्याच्या दुप्पट भरतं, म्हणजे अंदाज येईल. आता "व्हेनिस" लिहिलेली जहाजं मार्घेरा, त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाला लागतात, नक्की कुठे ते बुकिंगआधी विचारून घ्या.

व्हिसा

थोडक्यात सांगते, बाकी समोर बसून बोलू. क्रूझला बहुतेक वेळा मल्टिपल एन्ट्री लागते, कारण जहाज देशाबाहेर जाऊन परत येतं. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येणार, तर बाहेर पडून पुन्हा आत आलात. ग्रीसच्या बेटांच्या रूटमध्ये मध्येच तुर्कस्तानचं कुशादासी असलं की शेंगेनमधून, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांमधून, बाहेर पडून पुन्हा आत. अलास्काला अमेरिकेचा व्हिसा तर लागतोच, पण सिएटलहून सुटणारी जहाजंही कॅनडातलं एखादं बंदर घेतात. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे, त्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला फक्त अमेरिकन बंदरं फिरवून माणसं आणता येत नाहीत. म्हणजे कॅनडाचा व्हिसाही आला. बंदरावर एक कागद कमी पडला तर चढू देत नाहीत आणि पैसेही परत येत नाहीत.

केबिन, म्हणजे मुख्य विषय

चार प्रकार सगळ्यांना माहीत असतात, इनसाईड, खिडकीवाली, बाल्कनी आणि स्वीट. पण प्रकारापेक्षा जागा महत्त्वाची, आणि हे आम्ही कितीही सांगितलं तरी लोक शेवटी "स्वस्तातली कुठलीही द्या" म्हणतात. मी स्वतः आईला घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा मीही तेच केलं होतं. गॅरंटी केबिन घेतली, म्हणजे प्रकार नक्की पण नंबर ते देतील तो. मिळाली खालच्या मजल्यावर अगदी पुढच्या टोकाला, रोज पहाटे बंदराला लागताना पुढचे थ्रस्टर, म्हणजे जहाज बाजूला सरकवणारे पंखे, सुरू झाले की पलंग थरथरायचा आणि आई दचकून उठून बसायची. सहा दिवस तिची झोप झाली नाही. तेव्हापासून सत्तरीच्या पुढचं कोणी सोबत असेल तर आम्ही गॅरंटी केबिन सुचवतच नाही, मग तुम्ही आम्हाला महाग म्हटलंत तरी चालेल.

जहाज सी-सॉसारखं हलतं, टोकाला जास्त आणि मधे कमी, वर जास्त आणि खाली कमी. ज्यांना वरंधा घाटात गाडी लागते त्यांनी मधली आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. मग ती खिडकीवाली असली तरी वरच्या टोकाच्या बाल्कनीपेक्षा बरी. स्विमिंग पूलच्या बरोबर खालची केबिन टाळा, पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज डोक्यावर येतो. थिएटरच्या वरची आणि लिफ्टला अगदी चिकटलेली पण नको. आपल्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती उत्तम. "ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू" लिहिलं असेल तर समोर लाईफबोट टांगलेली असते, स्वस्त असते, नुसता उजेड हवा असेल तर घ्यायला हरकत नाही. आणि रॉयल कॅरिबियनच्या ओअॅसिस आणि आयकॉन क्लासच्या जहाजांवर काही बाल्कन्या आतल्या बाजूला उघडतात, झाडांची बाग किंवा खेळांचा चौक दिसतो, समुद्र नाही. छान असतात, पण समुद्र दिसेल म्हणून पैसे भरलेत आणि समोर बाग आली तर मन खट्टू होतं.

चौघांत एक केबिन घेणाऱ्यांसाठी थोडं. तिसरा-चौथा माणूस स्वस्तात पडतो हे खरं, पण त्याचा बेड बऱ्याचदा छतातून खाली येतो, शिडीने चढायचं. मागे एक कुटुंब दुसरीकडे बुकिंग करून, मग आमच्याकडे आलं, बाहत्तर वर्षांच्या आजी, नातू आणि आई-वडील एका केबिनमध्ये. वरच्या बेडवर कोण झोपणार हा प्रश्न कोणी त्यांना विचारलाच नव्हता. दोन छोट्या इनसाईड केबिन मधल्या दारासकट घेतल्या तर बऱ्याचदा एका चौघांच्या बाल्कनीच्या आसपासच जातात आणि बाथरूमही दोन मिळतात, सकाळी आठला सगळ्यांना उतरायचं असतं तेव्हा त्या दुसऱ्या बाथरूमची किंमत कळते. एकट्याने जाणाऱ्यांना बहुतेक वेळा दोघांचं भाडं पडतं, त्यांनी आम्हाला आधी फोन करा, कधी कधी कमी सरचार्जच्या तारखा निघतात.

बाल्कनी कुठे घ्यायची? अलास्काला नक्की, थंडीत वरच्या डेकवर तासभर उभं राहवत नाही. मेडिटेरेनियनला रोज बंदर असतं, दिवसभर तुम्ही बाहेर, तिथे खिडकीवाली पुरते. मुंबई-गोवा दोन-तीन रात्रींसाठी बाल्कनीच्या मागे लागू नका.

कोणती लाईन कोणासाठी

पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही मुंबईहून कॉर्डेलिया किंवा सिंगापूरहून तीन-चार रात्रींचं सुचवतो. एम्प्रेस १९९० सालचं जहाज आहे, नव्या जहाजांचा झगमगाट नाही, पण शुद्ध शाकाहारी आणि जैन जेवणाची काळजी नाही, व्हिसा नाही, विमान नाही. आपल्याला समुद्र मानवतो का हे दोन रात्रींत कळतं. सिंगापूरहून सुटणारं गेंटिंग ड्रीम दीड लाख टनांचं, तिथेही भारतीय जेवण चांगलं. एमएससी, कोस्टा युरोपियन वळणाच्या, रात्रीचं जेवण उशिरा, दर बंदरात नवे लोक चढतात-उतरतात, भाडं त्या मानाने कमी. मुलांसाठी रॉयल कॅरिबियन. शांतपणे बसून बर्फाचे कडे बघायचे असतील तर हॉलंड अमेरिका किंवा प्रिन्सेस. जेवणाचं आधी कळवलं तर सगळीकडे होतं, शिवाय पहिल्याच संध्याकाळी डायनिंगच्या हेड वेटरला भेटून सांगायचं. सीलबंद भाकरवडी, चिवडा कपड्यांच्या बॅगेत चालतो, घरचं डब्यातलं जेवण, इस्त्री आणि किटली मात्र काढून घेतात.

पुण्याहून जाऊन मुंबईला जहाज धरणाऱ्यांनी दुपारी घरून गाडी काढू नका. खंडाळ्याला घाटात ट्रक बंद पडला की दोन तास गेले, आणि चेक-इन जहाज सुटायच्या बरंच आधी बंद होतं. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला निघते, साडेदहाच्या आत सीएसएमटी, बॅलार्ड पिअर तिथून टॅक्सीने दहा मिनिटं. परदेशातल्या क्रूझला आदल्या दिवशीच त्या शहरात पोचा, हे आम्ही पॅकेजमध्येच धरतो आणि तो हॉटेलचा खर्च काढून टाका असं कृपया म्हणू नका.

आम्ही पासपोर्ट आधी का मागतो

बऱ्याच जणांना हे आवडत नाही, "नुसता रेट विचारतोय, पासपोर्ट कशाला?" अहो, मुलाचं वय सुटण्याच्या तारखेला किती हे लागतं, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घेत नाहीत, प्रवास संपेपर्यंत चोवीस आठवडे पूर्ण होत असतील तर गरोदर बाईंनाही बहुतेक लाईन्स चढू देत नाहीत, पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक लागते, आणि नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच बुकिंगमध्ये लागतं, वडिलांचं नाव मधे आहे की शेवटी यावरून लोक अडकलेत. या गोष्टी आधी बघितल्या की कोटेशन एकदाच बनतं. कोटेशनचे आम्ही थोडे पैसे घेतो तेही यासाठीच, बुकिंग केलंत तर ते वजा होतात. त्या बदल्यात तुम्हाला तीन पर्याय मिळतात, डेक प्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर, केबिन नंबरला गोल करून, सगळे कर आणि टिपा धरून, आणि कॅन्सल केलं तर कुठल्या तारखेला किती जाईल याचा तक्ता. लांबच्या क्रूझचे उरलेले पैसे साधारण ७५ ते ९० दिवस आधी भरावे लागतात, त्यानंतर फार काही परत मिळत नाही, म्हणून शाळेच्या परीक्षांच्या तारखा नक्की झाल्यावरच या.

येताना सगळ्यांचे पासपोर्ट, जाण्याच्या दोन संभाव्य तारखा आणि कोणाला गुडघे, चक्कर, मधुमेह काही असेल तर त्याची माहिती आणा. शक्य असेल तर आजी-आजोबांनाही घेऊन या, ऑफिस तळमजल्यावरच आहे, केबिन त्यांनाच दाखवून ठरवू.