मुक्कामाच्या रात्री विकत घेताय की सवलत?

दिवाळीच्या आधी माझा मेव्हणा एक चकचकीत निळी फाइल घेऊन घरी आला. "भावोजी, आम्ही टाइमशेअर घेतलं!" दीड लाख ठरले होते, त्यातले साठ हजार क्रेडिट कार्डावरून गेलेही होते. टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमध्ये दर वर्षी ठरावीक रात्री राहायचा आधीच विकत घेतलेला हक्क; इथे दहा वर्षं, दर वर्षी सात रात्री. मी फाइल उघडली. करारात एकाही रिसॉर्टचं नाव नव्हतं, खोली केवढी ते नव्हतं आणि सीझन कोणता तेही नव्हतं. कामाचं वाक्य एकच होतं: संलग्न हॉटेलांमध्ये, उपलब्धतेनुसार, सवलतीच्या दरात. त्याने टाइमशेअर घेतलंच नव्हतं. हॉलिडे क्लबचं सवलत-पॅकेज घेतलं होतं.

चूक त्याची एकट्याची नाही. दोन्हींची भाषा एक, ब्रोशरवरचा समुद्र एक आणि विकायची रीतही तीच. मॉलमध्ये किंवा प्रदर्शनात चिठ्ठी भरून घेतात, आठवड्याने फोन येतो की तुम्हाला बक्षीस लागलंय, न्यायला नवरा-बायको दोघांनी या. दोघं का? तर "घरी विचारून सांगतो" म्हणायची सोय राहू नये म्हणून. हॉटेलच्या हॉलमध्ये मोठ्याने गाणी लावलेली असतात. कोणी सही केली की टाळ्या पडतात, आणि दर मात्र "फक्त आजच्यापुरता". आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. पण या हॉलमधून बाहेर येणारा कागद दोनपैकी कोणता, यावर पुढची दहा किंवा पंचवीस वर्षं ठरतात.

टाइमशेअरची मूळ कल्पना साधी आहे. कंपनीकडे रिसॉर्ट असतात, स्वतःचे किंवा लांबच्या मुदतीने भाड्याने घेतलेले. एका खोलीच्या वर्षातल्या ५२ आठवड्यांचे वाटे करायचे आणि ते वेगवेगळ्या कुटुंबांना विकायचे. स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग ही कंपनी १९६३ साली याच कल्पनेवर उभी राहिली. आपल्याकडे स्टर्लिंग १९८६ मध्ये आली आणि क्लब महिंद्रा चालवणारी महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये. अमेरिकेत काही ठिकाणी खरोखरच खरेदीखत होतं, तुमच्या नावावर आठवडा चढतो. भारतात सहसा तसं नसतं. इथे मिळतो तो ठरावीक वर्षांपुरता वापरायचा हक्क. सातबाऱ्यावर नाव लागत नाही, त्यामुळे "आपली प्रॉपर्टी" हा शब्द कानावर आला की तो मनातल्या मनात खोडून टाकावा.

मालकी नसली तरी कराराला हाडं असतात. वर्षाला किती रात्री, कोणत्या मापाची खोली आणि कोणता सीझन हे त्यात लिहिलेलं असतं. क्लब महिंद्राच्या सभासदत्वाला रंग आहेत: जांभळा, लाल, पांढरा, निळा. जांभळा सगळ्यात महाग, कारण त्यात गर्दीचे दिवस येतात. निळा स्वस्त. निळा रंग घेऊन मे महिन्यात मुन्नारची खोली मागणं म्हणजे स्लीपरच्या तिकिटावर एसीच्या डब्यात जाऊन बसणं. हॉलमध्ये महिन्याचा हप्ता ऐकवतात तेव्हा तो कोणत्या रंगाचा, हे तेवढ्याच मोठ्याने सांगतातच असं नाही. पण निदान विचारता येतं, आणि उत्तर कागदावर सापडतं.

हॉलिडे क्लबच्या पॅकेजमध्ये असं विचारण्यासारखं काही नसतं. तिथे तुम्ही खोलीच्या रात्री घेत नाही, तर पुढे कधीतरी रात्री स्वस्तात मिळतील हे आश्वासन घेता. क्लबचं स्वतःचं हॉटेल असेलच असं नाही. तो दुसऱ्याच्या हॉटेलात बुकिंग करून देतो, आणि प्रत्येक मुक्कामाला 'युटिलिटी चार्ज' किंवा 'हाउसकीपिंग' म्हणून वेगळे पैसे घेतो. सवलत कशावर, हा प्रश्न विचारून पाहा. हॉटेलचा छापील दर १२,००० आणि सभासदाला ६,००० असं दाखवतात, आणि त्याच दिवशी फोनवरच्या ॲपमध्ये तीच खोली कोणालाही ५,५०० ला मिळत असते. असल्या सवलतीचा हिशेब मांडताच येत नाही.

हा फरक मी कुठून शोधून काढलेला नाही. युरोपीय संघाने २००८ च्या निर्देशात (क्रमांक २००८/१२२) दोन्हींच्या वेगळ्या व्याख्याच करून ठेवल्या आहेत. एका वर्षाहून मोठ्या मुदतीत एकापेक्षा जास्त वेळा राहण्याचा हक्क मिळत असेल तर टाइमशेअर, आणि मुख्यतः निवासावर सवलत मिळण्याचा हक्क असेल तर 'दीर्घ मुदतीचं सुट्टी-उत्पादन'. दोन्हींत १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते आणि तोवर विक्रेत्याला एक पैसाही घेता येत नाही. दुसऱ्या प्रकाराला आणखी एक वेसण घातली आहे: सगळे पैसे एकदम घ्यायचे नाहीत, दर वर्षी सारखे हप्ते, आणि दुसऱ्या हप्त्यापासून पुढे ग्राहकाला दंड न भरता बाहेर पडता येतं. सवलतीच्या वचनावर दहा वर्षांचे पैसे आधी उचलले की काय होतं, ते त्यांनी पाहिलेलं असणार. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. माघारीची मुदत आहे की नाही आणि असल्यास किती, हे ज्याच्या त्याच्या करारावर.

या दोघांचा एक तिसरा चुलतभाऊही आहे, आणि महाराष्ट्राने तो फार जवळून पाहिला. पॅनकार्ड क्लब्ज. त्यांनीही हॉटेलच्या खोल्यांच्या रात्रीच विकल्या, पण "राहिला नाहीत तर मुदतीनंतर एवढी रक्कम परत" असं सांगून. लोकांनी ती मुदत ठेव समजून घेतली. ती सामूहिक गुंतवणूक योजना आहे आणि बिनपरवाना चालवली, असं शेअर बाजार आणि गुंतवणुकीवर देखरेख करणाऱ्या सेबीने ठरवलं, आणि २०१६ मध्ये गुंतवणूकदारांचे सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. गुंतवणूकदार ५१ लाखांहून जास्त होते. तेव्हा सुट्टीच्या कागदावर 'परतावा' किंवा 'सरेंडर व्हॅल्यू' दिसली, तर फाइल मिटून उठावं हे बरं.

आता मूळ प्रश्न. समजा कागद खऱ्या टाइमशेअरचा आहे, कंपनी नावाजलेली आहे. मग घ्यावं का? इथे माझं मत तितकं तिखट नाही, पण आकडे मांडल्याशिवाय मी बोलणार नाही.

उदाहरणासाठी धरा: सभासदत्व चार लाख, मुदत २५ वर्षं, वर्षाला सात रात्री, वार्षिक फी २०,००० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६००. हॉलमध्ये सांगतात, चार लाख भागिले १७५ रात्री, म्हणजे रात्रीला फक्त २,२८६ रुपये! ऐकायला छान वाटतं. यात दोन गोष्टी गिळलेल्या आहेत. एक म्हणजे वार्षिक फी. तुम्ही गेलात काय, न गेलात काय, ती भरायचीच. दुसरी म्हणजे चार लाखांचं व्याज. तेच पैसे ७ टक्क्यांनी ठेवले आणि दर वर्षी सारखी रक्कम काढत २५ वर्षांत खातं शून्यावर आणलं, तर वर्षाला सुमारे ३४,३०० रुपये हातात येतात. ती या सभासदत्वाची खरी वार्षिक किंमत. फी धरून झाले ५७,९००. भागिले सात, रात्रीला ८,२७०. जेवण वेगळं. आणि रिसॉर्ट गावाबाहेर असेल तर जेवण तिथेच, त्यांच्याच दराने.

सातऐवजी पाचच रात्री गेलात तर हाच आकडा ११,५८० होतो. माझ्या ओळखीत सातच्या सात रात्री दर वर्षी वापरणारी घरं अगदी कमी आहेत.

पण दुसरी बाजूही खरी आहे. त्या ३४,३०० ला महागाई लागत नाही, ते पहिल्याच दिवशी गोठले. हॉटेलचे दर आणि वार्षिक फी दोन्ही दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढतात असं धरा. पंधराव्या वर्षी फी जीएसटीसकट ४६,७०० च्या आसपास जाते, सभासदाची रात्र पडते ११,६०० ला. आज ८,२७० ला मिळणारी हॉटेलची खोली तोवर १६,४०० वर गेलेली असते. म्हणजे सभासद जिंकतो! फक्त फरक मोठा व्हायला बरीच वर्षं लागतात.

खरी गोम इथे आहे. सभासदत्व घेतात ते पस्तिशी-चाळिशीत, मुलं शाळेत असताना. तेव्हा सुट्ट्या मे आणि दिवाळीलाच, चौघांना एकत्र राहायला छोटं स्वयंपाकघर असलेली खोली हवी, मुलांना पोहायचा तलाव हवा. त्या वर्षांत रात्र हॉटेलपेक्षा फारशी स्वस्त पडत नाही. ती खरी स्वस्त वाटायला लागते पंधराव्या-सोळाव्या वर्षी, आणि तोवर थोरली बेंगळुरूला नोकरीला, धाकटा परदेशात शिकायला, आणि आपले गुडघे कुर्गच्या पायऱ्यांबद्दल तक्रार करायला लागलेले. कंपनी तीच, रिसॉर्ट तोच, जाणारं कुटुंब मात्र राहिलेलं नसतं. विकून टाकू म्हणाल, तर जुन्या सभासदत्वाला गिऱ्हाईक मिळणं कठीण, मिळालं तर मूळ किमतीच्या खूप खाली, वर हस्तांतराची फी.

दुसरी गोष्ट आपल्या घरच्या कॅलेंडरची. एका कोऱ्या कागदावर गेल्या तीन वर्षांतल्या सुट्ट्या लिहून काढा. मे महिन्यात दहा दिवस कोकणात, आंबे-फणसाला. गणपतीत गावी. दिवाळी घरची, भाऊबीज झाल्याशिवाय कोणी हलत नाही. मध्ये एखादं लग्न. आणि मोठी सहल करायची तर केसरी किंवा वीणा वर्ल्डसारख्यांच्या बसमधून, कारण आईला मराठी जेवण लागतं. या सगळ्यातून रिसॉर्टसाठी सात रात्री कुठून उरतात? ज्यांच्या घरी हा कागद वेगळा दिसतो, म्हणजे गर्दीच्याच दिवसांत निघणारे, कित्येक महिने आधी तारखा पक्क्या करणारे, एका जागी निवांत पडून राहण्यात सुख मानणारे, त्यांना जांभळा किंवा लाल रंग पचतो. माझ्या एका मैत्रिणीचं असंच आहे. ती जानेवारीतच मे महिन्याचं बुकिंग करून मोकळी होते आणि दर वर्षी गोव्यात वार्काला जाते. तिला सभासदत्व फळलं, हे मी मान्य करतो. ती माणूसच तशी आहे, किराण्याची यादीसुद्धा दोन प्रतींत काढणारी.

हॉलिडे क्लबच्या पॅकेजबद्दल असा कोणी फळलेला अजून मला भेटायचा आहे.

सही करून बसला असाल तर करारातली माघारीची मुदत आधी पाहा आणि त्या मुदतीत लेखी कळवा: ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही. "मॅडम, मी बोलून ठेवतो" यावर विसंबू नका. तोंडी दिलेलं वचन ग्राह्य धरलं जाणार नाही, असं कलम बहुतेक करारांत असतं, म्हणून हॉलमध्ये जे सांगितलं ते त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर विचारून उत्तर मिळवून ठेवा. वाद दिल्लीतच चालेल किंवा लवादाकडेच जाईल, असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि लवादाचं कलम आहे म्हणून ग्राहकाला आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहायला हरकत नाही.

मेव्हण्याला त्या दिवशी मी एकच काम सांगितलं. पुढचा हप्ता देण्याआधी त्यांना लिहायचं: मे महिन्याचा दुसरा आठवडा, गोवा, दोन मोठे, दोन मुलं, पाच रात्री, हॉटेलचं नाव आणि आम्हाला भरावी लागणारी एकूण रक्कम कळवा. चार दिवसांनी उत्तर आलं. त्या तारखा ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे सभासदांना बुकिंग बंद असलेल्या दिवसांत, येतात, जूनच्या शेवटच्या आठवड्याचा विचार करावा.

"जूनच्या शेवटी गोव्यात काय करायचं, भावोजी?" त्याने विचारलं.

"छत्री धरून बसायचं," मी म्हणालो, आणि दोघं रद्द करण्याचं पत्र लिहायला बसलो.