‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणजे नक्की कुठली? ऑपरेशनच्या आधी हे बघाच

“ऑपरेशनच्या आधी रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा” एवढं एकच वाक्य ऐकून घरी आलेली माणसं भेटली की मला धस्स होतं. कारण या एकाच नावाखाली दोन वेगळ्या जातीची औषधं येतात. (रक्त पातळ वगैरे होत नाही खरं तर, गुठळी सहज धरत नाही एवढंच.)

एक जात अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर यांची. या गोळ्या प्लेटलेट्सना (रक्तातल्या गुठळी धरणाऱ्या बारीक पेशी) एकमेकींना चिकटू देत नाहीत, स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकलेला असेल किंवा हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर बहुतेक याच चालू असतात. दुसरी जात वॉरफरिन, अ‍ॅपिक्सॅबॅन, रिव्हरॉक्सॅबॅनवाली, ही प्लेटलेट्सकडे जात नाही, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांवर काम करते. ठोके अनियमित पडतात, मेटलचा व्हॉल्व्ह बसवलाय (त्याला फक्त वॉरफरिनसारखी जुनी गोळीच चालते), पायाच्या शिरेत गुठळी झालेली, अशांना ही.

आता बंद करायचं बघू. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम प्लेटलेट जगते तोवर राहतो, म्हणजे ७ ते १० दिवस, त्यामुळे आदल्या दिवशी एक गोळी चुकवून काहीच साधत नाही. आणि स्टेंटवाल्यांची अ‍ॅस्पिरिन बऱ्याच ऑपरेशनला चालूच ठेवतात, क्लोपिडोग्रेल थांबवायची ठरली तर साधारण ५ दिवस आधी. पण स्टेंट नवीन असताना दोन्ही आपल्याच मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन मोठा अटॅक येऊ शकतो, म्हणून तर घाईचं नसलेलं ऑपरेशन स्टेंटनंतर ६ ते १२ महिने पुढे ढकलतात. थांबता येत नसेल तर सर्जन आणि हार्टचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलायलाच हवं, तुम्ही मधे निरोप्या होऊ नका.

वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी थांबवतात आणि आदल्या दिवशी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी, आकडा वर तर रक्तस्रावाचा धोका जास्त) बघतात. अ‍ॅपिक्सॅबॅन मात्र लवकर उतरते, छोट्या ऑपरेशनला १ दिवस, मोठ्याला २ दिवस पुरतात, किडनी कमजोर असेल किंवा मणक्यात इंजेक्शन देऊन भूल द्यायची असेल तर जास्त. म्हणजे शेजारच्याचा वॉरफरिनचा हिशोब आपल्या अ‍ॅपिक्सॅबॅनला लावला तर तीन-चार दिवस उगाच गुठळी होऊन लकव्याचा धोका घेऊन बसलो आपण.

ऑपरेशननंतर तर आणखी उलटं. वॉरफरिन त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी चालू केली तरी पूर्ण असर यायला ५ एक दिवस लागतात, म्हणून काहींना (सगळ्यांना नाही!) मधले दिवस हेपॅरिनची (गुठळी रोखणारं, लगेच काम करणारं औषध) इंजेक्शनं देतात. अ‍ॅपिक्सॅबॅन काही तासांतच काम करते, म्हणून मोठ्या ऑपरेशननंतर ती ४८ ते ७२ तास थांबून देतात. या दिवसांत कुणीतरी घाई करतं नाहीतर पूर्ण विसरतं. डिस्चार्ज कार्डवर प्रत्येक गोळीचं नाव आणि कधीपासून परत चालू ते लिहून घ्या, तारीख दिसली नाही तर फॉलोअपपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.

आणि दुखतंय म्हणून घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका, दोन्ही जातींबरोबर रक्तस्राव वाढतो. वॉरफरिनवाल्यांना मेट्रोनिडॅझोलसारखं अँटिबायोटिक दिलं असेल तर आयएनआर वर जातो, तेव्हा तपासणी लवकर करून घ्या.