एक गडी जास्त

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सामना पहिल्यांदा पाहणाऱ्याला एका दृश्याचं कोडं पडतं. चेंडू जमिनीवर ठेवलेला असतो, दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा गडी समोरासमोर थबकलेले असतात आणि आक्रमक संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल चालवणारा गडी, समोरच्या एका गड्याकडे बोट दाखवून ओरडतो, ‘चौपन्न माइक! चौपन्न माइक!’ त्या गड्याच्या अंगावर ५४ हा आकडा आहे, एवढं दिसतं. पण त्याचं नाव माइक नाही, आणि पुढच्या पाच सेकंदांत तो काही विशेष करेलच असंही नाही. मग त्यालाच का निवडलं?

तो मोजणीचा खुंटा असतो. तिथून मोजायला सुरुवात करायची.

क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड गडी ओळीनं असतात: मध्ये चेंडू मागे सोडणारा सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल. पास फेकायचा असला की समोरून चालून येणाऱ्यांना या पाचांनी अडवायचं. क्वार्टरबॅकच्या शेजारी उभा असलेला रनिंग बॅक हा गरज पडली तर सहावा. बचाव करणारा संघ बहुतेक वेळा चारच गडी क्वार्टरबॅकवर सोडतो, उरलेले सात मागे राहून पास घेणाऱ्यांना राखतात. चारांऐवजी पाच, सहा किंवा त्याहून जास्त गडी सोडले की त्याला ब्लिट्झ म्हणतात. शब्द जर्मन, अर्थ वीज. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘ब्लिट्झक्रीग’मधून तो मैदानावर आला. अडवणारे पाच आणि येणारे सहा असतील तर एक मोकळा सुटणार. अडवणारे सहा केले की समोरून सात येऊ शकतात, म्हणजे पुन्हा एक मोकळा. बळ वाढवून हे गणित सुटत नाही.

पण ब्लिट्झ ही उसनवारी असते. बचावाचेही गडी अकराच. सहावा पुढे धावला म्हणजे मागे कुठली तरी जागा ओस पडली. ती जागा कुठली हे वेळेत ओळखलं तर मोकळा सुटलेला गडी हाच बचावाचा तोटा ठरतो. ‘वेळेत’ म्हणजे किती वेळात, ते आधी पाहू.

आजकाल कॉलेजमध्ये क्वार्टरबॅक सहसा सेंटरच्या सुमारे पाच यार्ड मागे उभा राहतो आणि चेंडू हातात आल्यावर आणखी दोन-तीन पावलं मागे सरकतो. एक यार्ड म्हणजे ०.९१ मीटर. ओळीपासून चार यार्ड मागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या गड्याला, कुणीच अडवलं नाही, तर त्याला साधारण दहा-अकरा मीटर धावायचं असतं. उत्तम खेळाडूला त्याला दोन सेकंदही लागत नाहीत. त्यातला पाव-अर्धा सेकंद चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात पोचण्यात जातो आणि जवळपास तेवढाच हात मागे नेऊन फेकण्यात. विचारासाठी उरतो तो जेमतेम एक सेकंद. त्या एका सेकंदात पास घेणारे पाच रिसीव्हर, सहा-सात बचावपटू आणि अंगावर येणारा शंभर किलोंचा माणूस हे सगळं पाहून निवड करायची आहे.

विल्यम एडमंड हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९५२ मध्ये याच प्रकारच्या निवडीवर एक साधा प्रयोग मांडला होता. समोर दहा दिवे, बोटांखाली दहा कळा. जो दिवा लागेल त्याची कळ दाबायची. शक्य पर्याय वाढत जातात तसा प्रतिसादाचा वेळ वाढतो. पर्याय दुप्पट झाले की वेळ दुप्पट होत नाही, तर ठरावीक एका पायरीनं वाढतो, असं त्याला आढळलं. दिसलं की दाबा, एवढ्याच साध्या प्रतिक्रियेला माणूस पाव सेकंदाच्या आसपास घेतो, आणि हा आकडा सरावानं फारसा खाली येत नाही. क्वार्टरबॅकच्या हातात एकच गोष्ट असते: पर्याय कमी करणं. चेंडू हलण्याआधी दहातले आठ दिवे बाद करता आले, तर त्या एका सेकंदात दोनातून एक निवडायचा राहतो. मला या खेळातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो, आणि तो घडतो तेव्हा मैदानावर कुणी धावतही नसतं.

माइकचं बोट म्हणजे बाद करण्याची पहिली फेरी. माइक म्हणजे सहसा मधला लाइनबॅकर, पण खुंटा म्हणून क्वार्टरबॅक दुसऱ्या कुणालाही माइक ठरवू शकतो. एका नेहमीच्या पद्धतीत ओळीतले पाच अडवणारे, म्हणजे लाइनमन, मिळून समोरचे चार आणि पाचवा माइक एवढ्यांची जबाबदारी घेतात. माइकच्या बाजूचा पुढचा लाइनबॅकर रनिंग बॅकचा. त्यापलीकडे जो कुणी येईल त्याला कुणीही अडवणार नाही; तो क्वार्टरबॅकचा, म्हणजे तो आला तर चेंडू ताबडतोब हातातून गेला पाहिजे. कोण मोकळा राहू शकतो हे आधीच ठरलेलं असतं आणि सहाही जणांना माहीत असतं. मोकळा गडी निवडण्याचाही नियम आहे. निवड करायचीच असेल तर बाहेरच्याला सोडायचं आणि आतल्याला धरायचं. मधून येणारा सरळ रेषेत, सर्वांत जवळच्या वाटेनं येतो. कडेनं येणाऱ्याला वळसा पडतो. त्या वळशात एखादा पास निघून जातो.

रनिंग बॅकच्या कामाकडे सहसा कुणी पाहत नाही, म्हणून त्याच्याजवळ थोडं थांबतो. चेंडू हलला की त्यानं आधी आतली बाजू पाहायची, तिथून कुणी येत नसेल तर नजर बाहेर न्यायची. आणि येणारा दिसला की जागेवर वाट न पाहता दोन पावलं पुढे जाऊन त्याला भिडायचं. कारण भौतिकशास्त्राचं आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला तीन मीटर वेगानं येणारा लाइनबॅकर आणखी काही पावलं टाकून सहा मीटरवर पोचला, तर त्याची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. नव्वद किलोंच्या रनिंग बॅकनं तो वेग चढण्याआधी त्याला गाठलं, गुडघे वाकवून, खांदा त्याच्या खांद्याखाली नेऊन, तर तो त्याला थोपवू शकतो. तीन पावलं उशीर झाला तर तोच रनिंग बॅक उलटा क्वार्टरबॅकच्या पायांत येऊन पडतो. हायस्कूलमध्ये चेंडू घेऊन धावण्यासाठी गाजलेल्या कितीतरी मुलांना कॉलेजात पहिल्या वर्षी मैदानाबाहेर बसावं लागतं, ते हे काम अजून जमत नाही म्हणून.

आता दुसरी फेरी. समोरचे बचावपटू आपला बेत लपवतात, पण सगळ्यांना सगळं लपवता येत नाही. समजा कडेच्या रिसीव्हरला राखणारा कॉर्नरबॅक ब्लिट्झ करणार आहे. तो चेहरा अगदी निर्विकार ठेवेल. पण तो निघून गेल्यावर त्याच्या रिसीव्हरला कुणीतरी धरायला हवं, म्हणून सगळ्यात मागे राखणीला असलेला सेफ्टी चेंडू हलण्याआधीच दोन-चार पावलं त्या बाजूला सरकतो. येणारा लपतो, त्याच्या बदलीवर येणाऱ्याला लपणं अवघड जातं. म्हणून अनुभवी क्वार्टरबॅक ब्लिट्झ शोधताना आधी मागे, सेफ्टीकडे पाहतो. कधी तो आपल्या एका रिसीव्हरला या टोकाहून त्या टोकाला चालवतो. त्याच्यामागे समोरचा गडी धावत गेला, तर बचाव माणसाला माणूस लावून खेळतोय. कधी तो चेंडू मागण्याची आरोळी नुसती खोटी ठोकतो. सेंटर हलत नाही, पण समोर कुणाचा तरी पाय पुढे पडतो, कुणाची तरी टाच उचलली जाते. मग क्वार्टरबॅक सावकाश सरळ उभा राहतो, बाकड्याकडे पाहतो आणि चाल बदलतो.

क्रिकेट पाहणाऱ्याला हे परकं वाटू नये. १४० किलोमीटर वेगानं सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी येतो. निव्वळ प्रतिक्रियेवर तो खेळता येत नाही. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटण्याच्या क्षणी चित्रफीत थांबवून पुढचा चेंडू ओळखायला लावलं, तर कसलेले फलंदाज नवशिक्यांपेक्षा बरेच बरोबर ठरतात, हे प्रयोगांतून दिसलं आहे. डोळे तेच असतात, पण काय पाहायचं ते त्यांना ठाऊक असतं.

एवढं झाल्यावर उत्तर शोधायचं ते ओस जागेत. ज्या बाजूनं गडी आला त्याच बाजूच्या रिसीव्हरनं आपली ठरलेली लांब धाव सोडून तीन-चार पावलांत आत वळायचं, आणि क्वार्टरबॅकनं त्याच्या तोंडाकडे न पाहता त्या जागेवर चेंडू टाकायचा. याला हॉट रूट म्हणतात. यात दोघांनी एकच गोष्ट एकाच क्षणी पाहिलेली असावी लागते. एकाला ब्लिट्झ दिसली आणि दुसऱ्याला नाही, तर चेंडू जातो तिथे फक्त प्रतिस्पर्धी असतो. स्क्रीन पास त्याहून धीट: येणाऱ्यांना मुद्दाम येऊ द्यायचं आणि त्यांच्या डोक्यावरून, त्यांच्याच पाठीमागे, रनिंग बॅककडे चेंडू सोडायचा.

कॉलेजच्या मैदानाची एक खास अडचणही आहे. चेंडू जिथून खेळायचा त्या दोन खुणांच्या रांगांमध्ये व्यावसायिक लीगमध्ये साडेअठरा फुटांचं अंतर असतं, कॉलेजमध्ये चाळीस. त्यामुळे १६० फूट रुंद मैदानावर चेंडू एका खुणेवर असला की एका बाजूला ६० फूट उरतात आणि दुसऱ्या बाजूला १००. अरुंद बाजूचा कॉर्नरबॅक आपोआपच क्वार्टरबॅकच्या जवळ येतो. तिकडून येणाऱ्या ब्लिट्झची धास्ती कॉलेजमध्ये म्हणूनच जास्त.

इथवर वाचून वाटेल की आक्रमक संघाला सगळंच कळतं. तसं नाही. १३ जानेवारी २०२० रोजी न्यू ऑर्लीन्सला राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना झाला, लुइझियाना स्टेट विरुद्ध क्लेमसन. लुइझियानाचा क्वार्टरबॅक ‘जो बरो’ हा त्या मोसमात एकही सामना हरला नव्हता. त्याचा संघ अनेकदा रनिंग बॅकलाही रिसीव्हर म्हणून बाहेर पाठवायचा, म्हणजे अडवायला फक्त पाच आणि मोकळा येणारा ओळखण्याची जबाबदारी पूर्ण बरोवर. क्लेमसनच्या बचावाचे तेव्हाचे प्रमुख ब्रेंट व्हेनेबल्स हे वेषांतराचे उस्ताद. त्यांच्याकडे आयझाया सिमन्स होता, जो एकाच सामन्यात लाइनबॅकर, सेफ्टी आणि कॉर्नरबॅक अशा तिन्ही जागांवर दिसायचा. अशा गड्याच्या उभ्या राहण्यावरून काय ओळखणार? क्लेमसननं चारांपैकी दुसऱ्या सत्रात १७–७ अशी आघाडी घेतली.

बुद्धिबळावरच्या १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगाशी हे जुळतं. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना पट काही सेकंद दाखवून आठवणीतून मांडायला सांगितला. खऱ्या डावातली मांडणी असली की उस्ताद नवशिक्यांच्या फार पुढे असत. सोंगट्या कशाही विखुरल्या की ती आघाडी जवळपास नाहीशी होई. क्वार्टरबॅकची ताकदही अशीच ओळखीच्या आकृत्यांमध्ये असते, आणि वेषांतर त्या आकृत्याच मोडतं. कधी सहा जण ओळीवर येऊन उभे राहतात आणि चेंडू हलताच त्यांतले दोन मागे पळतात. येणारे चारच, पण भलतेच चार. आकड्यानं पाहिलं तर ही ब्लिट्झच नाही, तरी एका बाजूला अडवणाऱ्यांपेक्षा येणारे जास्त होतात आणि दुसऱ्या बाजूला दोन लाइनमन रिकामे उभे राहतात.

बरोनं त्या रात्री जागा शोधल्या. जमार चेझ या रिसीव्हरसमोर अनेकदा एकटा कॉर्नरबॅक राहत होता, आणि चेंडू पुन्हा पुन्हा तिकडे गेला. चेझनं एकट्यानं २२१ यार्ड मिळवले. मध्यंतराला २८–१७, शेवटी ४२–२५. बरोचे ४६३ यार्ड, पाच टचडाउन पास आणि स्वतः धावून आणखी एक. मोसमाअखेर त्याचे टचडाउन पास ६० झाले. पाच अडवणाऱ्यांवर एवढा भरवसा टाकणं त्याला शक्य होतं, कारण ते पाचही असामान्य होते. त्या वर्षीचा देशातल्या सर्वोत्तम लाइनचा ‘जो मूर’ पुरस्कार त्यांनाच मिळाला.

आणखी एक उत्तर आहे, आणि ते मला सगळ्यात धाडसी वाटतं: एक गडी जास्त असेल तर त्यातल्या एकाला जाणूनबुजून मोकळं सोडा आणि त्याच्याकडे फक्त पाहा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात रिच रॉड्रिगेझ यांनी ही चाल घडवली. कडेच्या बचावपटूला कुणी अडवत नाही. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो, नजर त्या मोकळ्या गड्यावर. तो आत धावला तर चेंडू काढून घेऊन क्वार्टरबॅक बाहेरून पळतो. तो बाहेर थांबला तर चेंडू रनिंग बॅकला. त्या गड्यानं काहीही केलं तरी चुकतंच. हातही न लावता एका माणसाला खेळाबाहेर काढलं, म्हणजे गणितातला जास्तीचा गडी वजा झाला. पुढे याच कल्पनेला पासची जोड मिळाली. कॉलेजच्या नियमांत पास जाण्याआधी लाइनमनना तीन यार्ड पुढे जायची मुभा आहे, व्यावसायिक लीगमध्ये एकच यार्ड, म्हणून ती चाल कॉलेजात जास्त फोफावली.

हे सगळं एकमेकांना कळवायचं मात्र गोंगाटात. मिशिगनच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. लुइझियाना स्टेटच्या गावी, बॅटन रूजमध्ये, ८ ऑक्टोबर १९८८ ला लुइझियानानं ऑबर्नविरुद्ध शेवटी टचडाउन केला, तेव्हाचा प्रेक्षकांचा जल्लोष विद्यापीठाच्या भूकंपमापकावर उमटला होता. पाहुण्या संघाला अशा ठिकाणी आरोळी ऐकू येत नाही. मग गार्ड मान वळवून क्वार्टरबॅकच्या पायाकडे पाहतो, खूण दिसली की सेंटरला थाप मारतो, आणि ठरलेले ठोके मनात मोजून सेंटर चेंडू मागे सोडतो. टॅकलला मात्र चेंडू हलल्याचं फक्त डोळ्यांनी कळतं, आणि समोरच्यालाही तेव्हाच. यजमान संघाला आरोळीमुळे मिळणारी ती निमिषभराची आघाडी इथे नसते.

२०२४ पासून कॉलेजच्या वरच्या श्रेणीत एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोचवायला परवानगी मिळाली. पण चाल सुरू करण्यासाठीच्या घड्याळावर १५ सेकंद उरले, किंवा त्याआधीच चेंडू हलला, की तो आवाज बंद होतो. बचाव करणारे आपला खरा बेत शक्यतो त्यानंतरच उघड करतात. सेफ्टी पावलं टाकतो, लाइनबॅकर ओळीकडे सरकतो. हेल्मेटमध्ये आता शांतता असते, आणि वीस-एकवीस वर्षांचा मुलगा हात उचलून बोट दुसऱ्याच कुणाकडे वळवतो: ‘अकरा माइक! अकरा माइक!’