गोर हरला, पण टेनेसीने साथ सोडली होती का?

2000 सालच्या अमेरिकन इलेक्शनचा विषय निघाला की सगळे फ्लोरिडावर जातात, ते बुशचं 537 मतांचं मार्जिन, फेरमोजणी, सुप्रीम कोर्ट वगैरे, पण डेमोक्रॅट उमेदवार अल गोरला स्वतःचं टेनेसी राज्य मिळालं असतं ना तर फ्लोरिडाची गरजच पडली नसती. तिथली इलेक्टोरल मतं (प्रेसिडेंट निवडणारी राज्याच्या वाट्याची मतं, जी बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला सगळीच मिळतात) 11, गोर अडकला 266 वर, आणि लागत होती 270. जिथून हा माणूस आधी खासदार आणि मग सिनेटर झाला तिथेच तो 80 हजार मतांनी आपटला.

याच्या उलट 1984 चा डेमोक्रॅट उमेदवार वॉल्टर मॉन्डेल. रिपब्लिकन रेगनची लाट अशी की 50 पैकी 49 राज्यं त्याच्या खिशात, मॉन्डेलला वॉशिंग्टन डीसी सोडलं तर फक्त घरचं मिनेसोटा, तेही 3,761 मतांनी. गावाने लाज राखली, असंच वाटतं ना?

आता जरा वजाबाकी करू. उमेदवाराला त्याच्या राज्यात पडलेल्या टक्क्यातून देशभरातला टक्का काढायचा, मग पुढच्या इलेक्शनला त्याच पार्टीचा बाहेरचा उमेदवार घेऊन परत तेच करायचं, दोन्हीत जो फरक उरेल तो साधारण घरचा बोनस. मॉन्डेल मिनेसोटात 49.7, देशात 40.6, म्हणजे 9.1 ने वर. पण 1988 ला मॅसॅच्युसेट्सचा डुकाकिससुद्धा तिथे देशापेक्षा 7 च्या वर होता! राज्यच मुळात डेमोक्रॅट, बोनस जेमतेम 2 टक्के. गोर टेनेसीत 47.3, देशात 48.4, म्हणजे 1 टक्का खाली, आणि 2004 ला डेमोक्रॅटांचा बाहेरचा उमेदवार केरी तिथे जवळपास 6 ने खाली. म्हणजे घरच्या राज्यात हरलेल्या गोरला बोनस साडेचारच्या आसपास, घरचं राज्य जिंकलेल्या मॉन्डेलच्या दुप्पट. अर्थात टेनेसी तेव्हा रिपब्लिकनांकडे सरकतच होतं, त्यामुळे सगळंच क्रेडिट गोरला देता येत नाही, पण टेनेसीने दगा दिला म्हणणं मला तरी पटत नाही.

1983 मध्ये लुईस-बेक आणि राइस या दोन अभ्यासकांनी बऱ्याच इलेक्शनचे आकडे तपासले तर सरासरी बोनस निघाला 4 टक्क्यांच्या आसपास, लहान राज्यात जास्त, कारण तिथे निम्म्या लोकांनी त्या माणसाला कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात बघितलेलं असतं. बाकी आपला माणूस ही भावना कुठेही सारखीच, 2007 च्या राष्ट्रपती निवडणुकीत शिवसेना एनडीएत असूनही मराठी म्हणून काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटलांच्या मागे उभी राहिलीच की.

सगळ्यात गंमत ट्रम्पची. न्यूयॉर्कचा माणूस, तिन्ही वेळा न्यूयॉर्क हरला आणि त्यातल्या दोनदा प्रेसिडेंट झाला, आणि 2019 मध्ये तर पत्ताच बदलून फ्लोरिडाचा केला, मग आता ही वजाबाकी करायची तरी कुठल्या राज्यात?