ध्रुवित प्रोटॉन-टकरी
परिवलनाच्या (स्पिनच्या) दिशा ठरवून घेतलेल्या प्रोटॉन-शलाका एकमेकींवर आदळवून प्रोटॉनच्या अंतरंगाचा शोध घेण्याची पद्धत. प्रोटॉनचे परिवलन १/२ असल्याचे १९२७ पासून ज्ञात आहे. ते तीन क्वार्कांच्या (प्रोटॉनच्या घटक कणांच्या) परिवलनांतून येते, ही समजूत १९८८ मध्ये डळमळली. सर्न या यूरोपीय प्रयोगशाळेत ध्रुवित म्यूऑनांच्या (इलेक्ट्रॉनासारख्या पण जड कणांच्या) प्रकीर्णनावरून क्वार्कांचा वाटा सुमारे १२ टक्के निघाला; त्रुटी इतकी मोठी होती की शून्यही नाकारता येत नव्हते. याला ‘परिवलन-पेच’ म्हटले गेले. पुढे हर्मिस व कंपास या प्रयोगांनी हा वाटा साधारण तीस टक्क्यांवर आणला, त्यामुळे ते नाव काहीसे भडकच ठरते.

म्यूऑनाची आंतरक्रिया विद्युत्‌भाराशी होते. क्वार्कांना एकत्र बांधणाऱ्या ग्लुऑन कणांना तो नसल्याने ते प्रत्यक्ष सापडत नाहीत. प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत मात्र ग्लुऑन थेट भाग घेतात. न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या ३·८ किमी. परिघाच्या ‘ऱ्हिक’ या त्वरकात २००१-०२ पासून अशा टकरी झाल्या. प्रवेगाच्या वाटेवर ठरावीक ऊर्जांना अनुस्पंदनामुळे ध्रुवण नष्ट होते. त्यावर उपाय म्हणजे ‘सायबेरियन सर्प’. मळसूत्री क्षेत्राचे हे अतिसंवाहक चुंबक परिवलन १८० अंशांनी उलटवतात, पण शलाकेची वाट बदलत नाहीत. कल्पना नोव्होसिबिर्स्कच्या देर्बेनेव्ह व कोंद्रातेंको यांची, १९७० च्या दशकातील. नाव बहुधा त्वरक-भौतिकीविज्ञ अर्नेस्ट कुरांट यांनी दिले. शलाकेतील लागोपाठच्या पुंजक्यांची परिवलने वेगवेगळ्या दिशांना ठेवतात. त्यामुळे समांतर व प्रतिसमांतर टकरी एकाच वेळी नोंदल्या जातात आणि त्यांच्या संख्येतील फरकावरून, म्हणजे असममितीवरून, ग्लुऑनांच्या ध्रुवणाचा अंदाज बांधतात.

ऱ्हिकवरील स्टार व फीनिक्स या प्रयोग-गटांच्या २००९ च्या आधारसामग्रीवर उभारलेल्या २०१४ च्या विश्लेषणात ग्लुऑनांचा वाटा धन आढळला, निदान ग्लुऑनाकडे प्रोटॉनच्या संवेगाचा ०·०५ हून अधिक अंश असलेल्या टापूत. ऋण वाटाही सामग्रीशी जुळतो, असा आक्षेप पुढे निघाला. प्रत्यक्ष फोटॉनांच्या (टकरीतच थेट निर्माण होणाऱ्या प्रकाशकणांच्या) मापनानंतर तो दुबळा झाला आहे.

‘ग्लुऑनांचे परिवलन’ म्हणजे नेमके काय, हेही वादातीत नाही. जॅफी व मनोहर (१९९०) या सैद्धांतिक भौतिकीविज्ञांनी केलेल्या प्रोटॉनच्या परिवलनाच्या विभाजनात क्वार्क व ग्लुऑन यांची परिवलने आणि दोघांचे कक्षीय कोनीय संवेग अशी चार पदे येतात. शिआंगडाँग जी (१९९७) यांच्या विभाजनात ग्लुऑनांचा एकूण कोनीय संवेग अखंड राहतो. हे दुसरे विभाजन सुटसुटीत व गेज-निश्चल (गणिती वर्णनाच्या निवडीवर अवलंबून नसलेले) आहे. टकरींत मोजली जाणारी राशी मात्र पहिल्याशी जुळते, म्हणून प्रायोगिक लेखनात तेच रूढ आहे. कक्षीय वाट्याबद्दलची माहिती तुटपुंजी असून ती मुख्यतः जालक-गणनांतून (अवकाश-काल बिंदूंच्या जाळ्यात विभागून केलेल्या संगणकीय गणनांतून) येते.